रानमेव्याचे जॅम आणि जेली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की घाटातल्या वळणांवर पानांच्या द्रोणांतून करवंदं दिसायला लागतात. त्यांच्या मागोमाग प्रश्नही येतात: याची जेली होते का, साखर किती घालायची, चीक कसा काढायचा, बसलीच नाही तर काय? इथे सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या रानमेव्याबद्दलचे असेच प्रश्न घेतले आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच गोष्ट आहे. रानफळ एकसारखं नसतं. एका जाळीचं करवंद आंबट, दहा पावलांवरच्या जाळीचं गोड, त्यामुळे कागदावरचं प्रमाण इथे अर्धंच कामाला येतं. उरलेलं काम रस तपासून करायचं असतं आणि ते अजिबात अवघड नाही.

जॅम, जेली, मुरंबा, साखरांबा यांत फरक काय?

जॅममध्ये फळाचा गर असतो. जेलीत फक्त गाळलेला निवळ रस असतो, म्हणून चांगल्या जेलीतून उजेड आरपार दिसतो आणि चमच्यानं कापल्यावर तिची कड उभी राहते. मुरंब्यात अख्खं फळ किंवा फोडी पाकात मुरवतात. कैरीचे साखरांबा आणि गुळांबा त्याच घराण्यातले. गोव्यात नाताळच्या कुसवारात, म्हणजे फराळात, जे पेराद असतं, ते पेरूचा गर वडी पडेपर्यंत आटवून केलेलं असतं. जॅम आणखी आटवत नेला की शेवटी तिथे पोचतो.

कोणतं फळ कधी मिळतं?

आपले सण हे सांगतातच. तुळशीच्या लग्नात आवळे ठेवतात, तिथून आवळ्याचा हंगाम सुरू होतो आणि पौषापर्यंत चालतो. संक्रांतीला बोरं. महाशिवरात्रीच्या आगेमागे कवठं. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटावरच्या दाट रानात आंबुळक्या, लालचुटुक आणि आंबट. मग एप्रिल-मेमध्ये करवंदं आणि तोरणं, मेमध्ये रातांबे (कोकमाची फळं), रायवळ आंबे आणि अळू (भाजीचं नव्हे, रानझाडाचं फळ), आणि पावसाच्या तोंडाशी जांभळं.

करवंदाला पावसाआधीच हात घाला. एकदोन चांगल्या सरी पडल्या की फळ पाणचट होतं, त्यात अळ्या होतात, आणि जेली बसवणारा गुणही उतरतो.

पहिल्यांदाच करतोय. सुरुवात कशापासून करू?

कवठापासून. जेलीसाठी जे लागतं ते सगळं या फळात भरपूर आहे, ते सहसा फसवत नाही, आणि एका फळातही करून बघता येतं. हात बसला की करवंदाकडे या. जांभूळ त्यानंतर.

‘एक किलो फळाला एक किलो साखर’ एवढं पुरत नाही का?

बागेतल्या फळाला बऱ्याचदा पुरतं. रानफळाला नाही, आणि ते का हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

जेली बसते ती तीन गोष्टींच्या मेळातून: पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. पेक्टिन हा फळाच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारा पदार्थ. फळ शिजवलं की तो रसात उतरतो. साखर त्याच्याभोवतीचं पाणी ओढून घेते, आम्ल त्याचे धागे एकमेकांना चिकटू देतं, आणि त्या जाळ्यात सगळा रस अडकून बसतो. तयार जेलीत साखर साधारण ६५ टक्के असावी लागते आणि आंबटपणा पीएच ३ ते ३.३ च्या आसपास (पीएचचा आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त).

आता फळाकडे बघा. कच्च्या फळात पेक्टिनचं मूळ रूप असतं, ते नुसतं रसात उतरत नाही, शिजवावं लागतं. गाभुळलेल्या, नुकत्या पिकलेल्या फळात पेक्टिन सगळ्यात उपयोगी असतं. फळ पूर्ण पिकून मऊ झालं की तेच पेक्टिन तुटायला लागतं. म्हणून खायला सगळ्यात गोड जे फळ, ते जेलीला सगळ्यात वाईट. आपण रानातून आणतो तेव्हा टोपलीत सगळ्या अवस्थांतली फळं असतात, वेगवेगळ्या झाडांची असतात. किलोच्या हिशेबानं साखर घातली तर कधी दगड होतो, कधी सरबत.

म्हणून साखर फळाच्या वजनावर नाही, गाळलेल्या रसाच्या मापावर आणि त्या रसातल्या पेक्टिनवर ठरवायची.

मग पेक्टिन घरी तपासायचं कसं?

औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट आणा. काचेच्या छोट्या पेल्यात एक चमचा गार रस घ्या, त्यावर तीन चमचे स्पिरिट ओता, पेला हलकेच फिरवा आणि एकदोन मिनिटं थांबा.

सगळा रस एकाच घट्ट गोळ्यात जमला आणि काट्यानं उचलता आला, तर पेक्टिन भरपूर आहे. अशा रसाच्या एका वाटीला पाऊण ते एक वाटी साखर चालते. तीनचार तुकडे झाले तर मध्यम, अर्धी ते पाऊण वाटी साखर घाला. नुसते बारीक कण दिसले तर रस अजून आटवा किंवा पेक्टिन जास्त असलेल्या दुसऱ्या फळाचा रस त्यात मिसळा, आणि पुन्हा तपासा.

हे काम गॅसपासून लांब करा, स्पिरिट भपकन पेटतं. तपासलेला रस विषारी आहे. तो चाखायचा नाही आणि पातेल्यात परत ओतायचाही नाही. फेकून द्या आणि पेला लगेच धुवा.

आणि आंबटपणा?

तो जिभेनं कळतो, फक्त तुलनेला काहीतरी हवं. एक चहाचा चमचा लिंबाचा रस, तीन मोठे चमचे पाणी आणि अर्धा चहाचा चमचा साखर एकत्र करा. फळाचा रस निदान एवढा आंबट लागला पाहिजे. कमी लागला तर वाटीभर रसाला एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला.

करवंदाची जेली सविस्तर सांगाल का?

सांगते, कारण सगळ्या रानफळांत ही जेली माझी सगळ्यात आवडती. तिचा रंग गडद माणकासारखा येतो, आणि चवीत आंबटपणामागे जो किंचित रानटी कडवटपणा असतो तो बाजारच्या कुठल्याही बाटलीत मिळत नाही.

फळं निवडताना तीन भाग काळी, पिकलेली घ्या आणि एक भाग लालसर-हिरवी, कच्ची. रंग आणि स्वाद काळ्यांतून येतो, जेली बसते ती कच्च्यांमुळे. नुसत्या काळ्या करवंदांची जेली सैल राहते. द्रोण विकणाऱ्या बाईंना ‘थोडी कच्ची पण द्या’ म्हटलं की त्या आनंदानं देतात, कारण तीच त्यांच्याकडे उरतात.

देठं काढून फळं मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग दोनतीन पाण्यांनी धुवा. स्टीलच्या पातेल्यात घालून फळं जेमतेम बुडतील एवढंच पाणी ओता. वीसेक मिनिटं मध्यम आचेवर शिजवा आणि मऊ झाली की पळीच्या पाठीनं हलकेच दाबा. मिक्सर अजिबात नको, बिया फुटल्या की कडू होतं.

हे सगळं ओल्या करून पिळलेल्या सुती फडक्यात ओता आणि चक्का बांधतो तसं बांधून रात्रभर टांगून ठेवा. खाली पातेलं. इथे एक मोह आवरायचा असतो: गाठोडं पिळायचं नाही. पिळलं की गर उतरतो आणि जेली कायमची गढूळ होते. जेवढा रस आपसूक निथळेल तेवढाच जेलीचा.

सकाळी रस मोजा, पेक्टिन तपासा. कच्ची फळं बेतशीर असतील तर बहुतेक वेळा एका वाटीला पाऊण वाटी साखर लागते. आधी नुसता रस पाच मिनिटं उकळा, मग साखर घालून मंद आचेवर पूर्ण विरघळू द्या. ती विरघळली की आच एकदम मोठी करा. रस उसळून वर येतो, म्हणून पातेलं रुंद आणि एक तृतीयांशच भरलेलं हवं. वर येणारी मळी झाऱ्यानं काढत राहा. दहापंधरा मिनिटांत जेली तयार व्हायला हवी. मंद आचेवर तासभर आटवत बसलात तर पेक्टिन तुटतं, रंग तपकिरी होतो आणि चव जळकट साखरेची येते. म्हणून एका वेळी चारपाच वाट्यांपेक्षा जास्त रस घेऊ नका. फळं खूप असतील तर दोनतीन घाणे काढा.

करवंदाचा चीक हाताला, भांड्याला चिकटतो. उपाय?

तोडण्याआधी हाताला खोबरेल तेल लावा. तोडलेली फळं सूप किंवा परातीत पसरून तीनचार तास ठेवली की चीक सुकतो. उरलेला मिठाच्या पाण्यात आणि शिजवताना मळीबरोबर जातो. भांड्याच्या कडेला चिकटलेला चीक पाण्यानं निघत नाही. तेलाचा बोळा फिरवा, मग साबण.

कवठ चांगलं कसं ओळखायचं, आणि जेली कशी करायची?

कवठ हातभर उंचीवरून फरशीवर टाका. उसळलं तर कच्चं आहे, धप्प आवाज करून जागीच बसलं तर पिकलेलं. वास तर सांगतोच. जेलीसाठी पूर्ण पिकलेली दोन आणि जरा कमी पिकलेलं एक असं घेतलं तर उत्तम.

गर काढा, त्याच्या दुप्पट-अडीचपट पाणी घाला, वीस-पंचवीस मिनिटं उकळा आणि वर सांगितलं तसं टांगून गाळा. रस चिकट, बुळबुळीत लागेल. ते पेक्टिनच. वाटीला पाऊण वाटी साखर. रंग मधासारखा येतो. कवठाचा वास ज्यांना उग्र वाटतो त्यांनी शेवटी थोडं लिंबू पिळावं, वास निवळतो. हा रस जास्त झाला तर डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा. पुढच्या महिन्यांत करवंद किंवा जांभूळ बसेनासं झालं की हाच रस कामाला येतो.

जांभळाच्या बिया काढणं हेच मोठं काम आहे. काही युक्ती?

जांभळं पातेल्यात घालून, वर पाण्याचा नुसता हबका मारून, झाकण ठेवून सातआठ मिनिटं गरम करा. सालं सुटली की कोमट असताना हातानं चोळा किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीवर घासा. गर खाली येतो, बिया वर राहतात. पुरणयंत्र या कामाला घेऊ नका, बी मोठी असल्यानं अडकते आणि तासली जाते, मग सगळ्या गराला तुरटपणा चढतो.

जांभळाची जेली करायची तर नुकती पिकलेली, जरा आंबट अशी घ्या. झाडाखाली पडून मऊ झालेली जॅमलाही नकोत. तुरटपणा काही प्रमाणात राहणारच आणि तो राहू द्यावा, ती जांभळाची ओळख आहे. जॅमला गराच्या पाऊणपट साखर आणि किलोभर गराला दोन लिंबं असं प्रमाण मी धरते.

रातांब्याची जेली का बसत नाही?

रातांबा फारच आंबट आहे. आंबटपणा प्रमाणाबाहेर गेला की जेली जमल्यासारखी वाटते आणि दोन दिवसांत पाणी सोडते. कच्च्या पेरूच्या किंवा कवठाच्या तीन वाट्या रसात एक वाटी रातांब्याचा रस घाला, लिंबू अजिबात घालू नका. रंग बघत राहावा असा येतो. पण खरं सांगायचं तर रातांब्याचं सोनं अमृतकोकमातच होतं. उन्हात साखर भरून ठेवलेल्या सालींच्या वाट्यांना जी चव येते ती शिजवून येत नाही.

तोरणं, अळू, टेंभुर्णी यांचा जॅम?

ही गोड फळं आहेत, आम्ल जवळजवळ नाहीच. यात एक धोकाही आहे. बंद बाटलीत वाढणाऱ्या घातक जिवाणूंना आंबटपणाच रोखतो, पीएच ४.६ च्या खाली असला पाहिजे. त्यामुळे अशा फळांत लिंबू चवीपुरतं नाही, भरपूर घालावं लागतं, आणि केलेला जॅम फ्रिजमध्ये ठेवून पंधरा दिवसांत संपवावा. तोरणाला गर तरी किती असतो! ती झाडाखाली उभं राहून खायची फळं आहेत.

आवळ्याचा जॅम काळा का पडतो?

लोखंडी कढई, लोखंडी सुरी किंवा किसणी. आवळ्यातला तुरट अंश लोखंडाला लागला की काळा होतो. स्टील वापरा. आवळे उकडून, बिया काढून गर पुरणयंत्रातून काढा.

भांडं कोणतं घ्यावं?

जाड बुडाचं, रुंद तोंडाचं स्टील. ॲल्युमिनिअम, बिनकल्हईचं पितळ किंवा तांबं आंबट फळांना चालत नाही.

साखरेऐवजी गूळ घालता येईल? साखर कमी केली तर?

जॅमला गूळ चालतो, जेलीला नाही. गूळ करताना रसात चुना घालतात, त्यानं आंबटपणा थोडा मारला जातो, आणि गुळाच्या अंगच्या गाळानं जेली निवळ राहत नाही. करवंदाचा गुळाचा जॅम मात्र भाकरीबरोबर फार सुंदर लागतो. गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या आणि लिंबू थोडं वाढवा.

साखर कमी करण्याबद्दल बरेच जण विचारतात. साखर इथे गोडीसाठी तर आहेच, पण जेली बसवण्याचं आणि टिकवण्याचं कामही तीच करते. निम्मी केलीत तर जेली बसणार नाही आणि जॅम बाहेर ठेवता येणार नाही. कमी साखरेचा जॅम करायचा असेल तर जरूर करा, पण छोट्या बाटल्यांत, फ्रिजमध्ये, आणि दोनतीन आठवड्यांचाच.

जांभळाचा जॅम मधुमेह असलेल्यांना चालतो ना?

नाही. जांभळाबद्दल जे काही सांगितलं जातं ते फळाबद्दल आणि बियांबद्दल आहे. जॅममध्ये अर्ध्याहून जास्त साखर असते, मग फळ कोणतंही असो. त्यांना ताजी जांभळं द्या, तीही डॉक्टरांना विचारून.

जेली झाली हे कसं ओळखायचं? मी पाकाची तार बघते.

तार बघू नका. ती सवय आपल्या हातात मुरलेली आहे, पण तार नुसत्या साखरेच्या पाकाची भाषा आहे. पेक्टिन असलेल्या रसात तार येईपर्यंत थांबलं तर जेली बऱ्याचदा पुढे गेलेली असते आणि गार झाल्यावर चिवट होते.

साधा उपाय बशीचा. दोन बशा आधीच फ्रीझरमध्ये ठेवा. गॅस बारीक करून थेंबभर जेली गार बशीवर टाका, मिनिटभरानं बोटानं ढकला. वर सुरकुती पडली की झाली. दुसरा उपाय उलथन्याचा: उलथनं बुडवून आडवं धरा. सुरुवातीला थेंब वेगवेगळे गळतात. झाली की दोन थेंब एकमेकांत मिसळून एकच पडदा होऊन सावकाश सुटतात.

थर्मामीटर असेल तर तो सगळ्यात भरवशाचा, पण पुस्तकातला १०५ अंश सेल्सिअसचा आकडा समुद्रसपाटीचा आहे. उंचीवर पाणी लवकर उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी. रत्नागिरीत १०५ वर जी जेली होते ती पुण्यात १०३ च्या आसपास आणि महाबळेश्वरात, म्हणजे साडेतेराशे मीटरवर, १०० अंशांतच तयार होते. महाबळेश्वरात १०५ ची वाट बघणाऱ्याच्या हाती गोळी लागेल. आपल्या गावी आधी नुसतं पाणी उकळून आकडा बघा, त्यात साडेचार ते पाच अंश मिळवा, तो तुमचा आकडा.

बाटल्या कशा तयार करायच्या? किती टिकते?

काचेच्या बाटल्या आणि नवी घट्ट झाकणं घ्या. बाटल्या पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि गरम असतानाच भरा. गार बाटलीत उकळती जेली ओतली तर काच तडकते. वर पाव इंच जागा सोडा, कडा स्वच्छ पुसा, झाकण लावा. वर्षभर टिकवायची असेल तर बंद बाटल्या पूर्ण बुडतील अशा पाण्यात, तळाशी फडकं घालून, आणखी दहा मिनिटं उकळा, घाटमाथ्यावर पंधरा. मग हलवू नका, जेली रात्रभर शांत बसू द्या.

अशी बाटली अंधाऱ्या, थंड फडताळात वर्षभर छान राहते. उघडली की फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा. चमचा कोरडा हवा. प्लास्टिकच्या बाटल्या नकोत. बाजारचे टिकाऊपणाचे क्षार पुरेशा साखरेच्या घरच्या जेलीला लागत नाहीत.

वर बुरशी आली. तेवढी काढून खाल्ली तर?

नको. वर दिसते ती बुरशीचा एक भाग असतो, तिची विषारी द्रव्यं खाली उतरलेली असू शकतात. पूर्ण बाटली टाका. जीव हळहळतो, तरीही टाका.

जेली बसलीच नाही. फेकायची का?

मुळीच नाही. आधी पूर्ण एक दिवस थांबा, काही फळांची जेली सावकाश बसते. तरीही सैल असेल तर चार वाट्या जेलीला पाऊण वाटी कवठाचा किंवा कच्च्या पेरूचा आटवलेला रस आणि एक लिंबू घालून मोठ्या आचेवर पुन्हा उकळा, बशीवर तपासा. तेही नको असेल तर गार पाण्यात घालून सरबत करा. करवंदाचं सरबत उन्हाळ्यात काय लागतं!

पाणी सुटत असेल तर आंबटपणा जास्त झाला. साखरेचे खडे दिसले तर साखर जास्त झाली किंवा नीट विरघळण्याआधीच उकळी आली. चिवट झाली तर थोडं गरम पाणी घालून जॅम म्हणून वापरा. फेसाचे बुडबुडे अडकले तर नुसता दिसण्याचा प्रश्न आहे.

चायना ग्रास किंवा जिलेटिन घातलं तर सोपं नाही का?

घट्ट होईल, जेली होणार नाही. चायना ग्रासची वडी कापल्यासारखी कडक बसते, जिलेटिन आपल्या उकाड्यात वितळतं आणि ते शाकाहारीही नाही. शिवाय कमी साखरेत घट्ट झालेलं बघून ते टिकेल असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. बाजारचं पेक्टिन वापरायला हरकत नाही, पण चार हिरवी करवंदं किंवा मोसंबीच्या सालीचा आतला पांढरा भाग तेच काम करतो.

कोणत्या फळांपासून लांब राहायचं?

हे नीट वाचा. काजरा, म्हणजे कुचला: कोकणात आणि गोव्यात सर्रास दिसणारं झाड, फळ गोल, पिवळं-केशरी, छोट्या नारिंगासारखं. बियांत स्ट्रिक्निन असतं, प्राणघातक. गुंजेचे लाल-काळे मणी, एरंड, धोतरा, कण्हेर आणि पिवळी कण्हेर, सगळी विषारी. घाणेरीची हिरवी फळं विषारी आहेत. मुलं काळी झालेली खातात, पण पातेल्यात मिसळून जातील म्हणून ती रानातच राहू द्या. बिब्ब्याच्या तेलानं अंगावर फोड येतात.

‘पक्षी खातात, म्हणजे माणसाला चालतं’ हा समज सोडा. धनेश काजऱ्याचा गर खातो. ज्या फळाचं नाव आणि झाड दोन्ही खात्रीनं माहीत नाही ते घरी आणू नका. जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात त्यांना विचारा, फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपला नाही.

रानातून तोडायला परवानगी लागते का?

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तोडायचं नाही. कर्नाळा, फणसाड, भीमाशंकर, कोयना, राधानगरी, चांदोली, बोरिवलीचं संजय गांधी उद्यान, इथे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे. इतर वनांत गौण वनोपजावर, म्हणजे फळं, मध अशा लाकडाव्यतिरिक्तच्या उत्पन्नावर, तिथल्या वननिवासींचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानं मान्य केलेला आहे. गावाजवळच्या माळावर, सड्यावर, शेताच्या बांधावर तोडायचं तर मालकाला विचारा.

मला तर विकत घेणंच योग्य वाटतं. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली बायका पहाटे काट्यांत हात घालून करवंदं काढतात आणि भर उन्हात रस्त्याला बसतात. गाडीची काच खाली करून दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. एकदम पाच-सात किलो हवी असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, हवी तशी कच्ची-पिकी निवडून मिळतील.

स्वतः तोडलीत तर फांद्या ओरबाडू नका आणि एक जाळी पूर्ण रिकामी करू नका. बुलबुल, तांबट, उदमांजरं याच महिन्यांत त्यावर जगतात, आणि बिया त्यांच्यातूनच पुढच्या डोंगरावर जातात.

मी परदेशात आहे. तिकडच्या रानफळांना हेच लागू होतं का?

पूर्णपणे. इंग्लंडमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पायवाटांच्या कडेला ब्लॅकबेरी लगडतात. त्यात पेक्टिन बेताचंच, म्हणून तिकडचे लोक त्यात आंबट रानसफरचंद, म्हणजे क्रॅब ॲपल, मिसळतात. आपल्या काळ्या आणि हिरव्या करवंदांचीच ती जोडी. एल्डरबेरी मात्र कच्ची खाऊ नका, शिजवूनच घ्या. आणि तिथली विषारी फळं वेगळी आहेत, ती तिथल्या जाणत्यांकडून शिका.

घरची जेली विकायची असेल तर?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, छोट्या घरगुती उद्योगालाही. बाटलीवर ‘जॅम’ लिहायचं असेल तर त्यात विद्राव्य घटक, म्हणजे विरघळलेली साखर वगैरे, निदान ६५ टक्के असावे लागतात आणि बहुतेक फळांसाठी फळाचा भाग निदान ४५ टक्के. ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, हातात मावणारं साधं उपकरण आहे. लेबलवर घाण्याचा क्रमांक आणि तारीख लिहा. आणि फळं ज्यांच्याकडून घेता त्यांचा पाडा किंवा गाव लेबलवर यावं, असं मला मनापासून वाटतं. गिऱ्हाईक ते वाचतं.

जेलीचा रस निथळल्यावर उरलेल्या चोथ्याचं काय करू?

करवंदाच्या चोथ्यात पुन्हा थोडं पाणी घालून दहा मिनिटं उकळा आणि गाळा. हा दुसरा रस पातळ असतो, पण थोडा आटवला की पेक्टिनची तपासणी सहसा पार करतो. त्यानंतर चोथा पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढा. करवंदाच्या बिया लहान आणि चपट्या असतात, त्या वर राहतात. त्या गरात गूळ, तिखट, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून पाच मिनिटं परता. ही चटणी फ्रिजमध्ये आठवडाभर राहते, आणि थालीपिठाबरोबर तिच्याइतकं चांगलं दुसरं काही लागत नाही. कवठाच्या चोथ्याचंही असंच, फक्त त्यात थोडी ओली मिरची वाटून घाला.